बर्स्टचा भाव आणि आवाजाचं निमित्त

१९५९ साली अमेरिकेतल्या कालामाझू गावी, गिब्सनच्या कारखान्यातून लेस पॉल स्टँडर्ड गिटार बाहेर पडत होती तेव्हा तिची छापील किंमत पावणेतीनशे डॉलरच्या आत होती. आज तीच गिटार, मूळ रंग आणि मूळ भाग शाबूत असतील तर, तीन लाख डॉलरच्या आसपास जाते. रुपयांत अडीच कोटींच्या घरात. गिटारवाले तिला ‘बर्स्ट’ म्हणतात, कारण तिच्या मॅपलच्या दर्शनी भागावर कडेला लालसर आणि मधे पिवळा असा विरत जाणारा रंग आहे. त्यातून मॅपलवर वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी उमटलेली असेल तर भाव आणखी चढतो. नक्षी वाजत नाही, पण आवाजाबद्दल पुढे बोलू.

हा भाव फुगवलेला आहे असं कुणी म्हटलं की जुन्या गिटारींच्या व्यापाऱ्यांकडून आणि संग्राहकांकडून ठरलेली उत्तरं येतात. तसा आवाज पुन्हा निघाला नाही. तसं लाकूड आता मिळत नाही. तशी गिटार बनवणारे हात गेले. मुळात त्या आहेतच मोजक्या. शेअरबाजार पडला तरी गिटार पडत नाही. आणि सगळं खोडून झालं की शेवटचं उत्तर, हौसेला मोल नसतं.

हे शेवटचं उत्तर मला पूर्ण मान्य आहे, म्हणून ते आधी बाजूला काढतो. ज्याच्याकडे तीन लाख डॉलर आहेत आणि ज्याला आपल्या तरुणपणीच्या वादकाच्या हातात होती तशी गिटार घरात हवी आहे, त्याने ती जरूर घ्यावी. त्याच्या पैशांचा हिशेब मागणारा मी कोण? पण हौसेचं बिल गुणवत्तेच्या नावाने फाडलं जातं तेव्हा त्याचा भुर्दंड इतरांना पडतो. पंधरा वर्षांचा मुलगा नवी गिटार हातात घेऊन आपल्या बोटांऐवजी लाकडाच्या वयाला दोष द्यायला लागतो. आणि कामाच्या वादकाला त्याच्या अवजाराची डागडुजी करायची भीती वाटू लागते. म्हणून बाकीची उत्तरं तपासणं भाग आहे.

आवाजापासून सुरू करू. या थोर आवाजाची त्याच्या जन्मकाळी कुणी फारशी विचारपूस केली नव्हती. लेस पॉल मॉडेल १९५२ साली सोनेरी रंगात आलं. १९५७ मध्ये त्यात सेथ लव्हरने शोधलेला, गुणगुण मारणारा जोडवेटोळ्यांचा पिकअप बसला. १९५८ मध्ये विक्री वाढावी म्हणून सोनेरी रंगाच्या जागी हा लालपिवळा रंग दिला गेला. तरीही विक्री हलली नाही. तीन वर्षांत साधारण दीड हजार गिटारी निघाल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे, आणि त्यानंतर कंपनीने मॉडेलच गुंडाळलं. १९६१ पासून त्याच नावाखाली पातळ, दोन शिंगांची वेगळी गिटार विकायला सुरुवात झाली. म्हणजे आज जी गिटार मानवी कारागिरीचं शिखर म्हणून दाखवली जाते ती बनवणाऱ्यांनीच बाजारात पडली म्हणून बंद केली होती. त्या वेळचे अमेरिकन वादक काही बहिरे नव्हते.

मग भाव आला कुठून? १९६६ मध्ये लंडनमध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूज ब्रेकर्सबरोबर एक रेकॉर्ड केली. हातात अशीच एक वापरलेली लेस पॉल, आणि तिच्या पलीकडे मार्शलचा अँप, इतका मोठा लावलेला की आवाज फाटायला लागावा. तो फाटका, जाड, लांबत जाणारा सूर ऐकून एक अख्खी पिढी वेडी झाली. अमेरिकेत माइक ब्लूमफील्ड, ड्युएन ऑलमन, बिली गिबन्स, इंग्लंडात पीटर ग्रीन, जिमी पेज हे सगळे त्याच गिटारीकडे वळले. त्या सुरात निम्म्याहून जास्त वाटा अँपच्या तापलेल्या व्हॉल्व्हचा आणि क्लॅप्टनच्या बोटांचा होता, पण व्हॉल्व्ह जळतात आणि बोटं विकत मिळत नाहीत. विकत मिळण्यासारखी एकच वस्तू उरली होती. कंपनीने १९६८ मध्ये लेस पॉल परत काढली, पण तोवर जुनीच हवी हा हट्ट रुजला होता.

आता लाकडाबद्दल. भारीतल्या जुन्या गिटारीची बाजू घेताना आपल्याकडचा रसिकही पटकन म्हणतो की मिरजेचा जुना तंबोरा नव्यापेक्षा गोड बोलतो, मग गिटार का बोलणार नाही? तंबोऱ्याचं मी मान्य करीन. त्याचा भोपळा आणि त्याची तबकडी हाच त्याचा आवाज आहे. लाकूड वाळतं, हलकं होतं, कंपनं मोकळी होतात, हे सगळं तिथे कानाला लागू पडतं. लेस पॉल किंवा फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये हवा घुमवणारी पेटीच नाही. ती भरीव फळी आहे, आणि आवाज घुमू नये म्हणूनच भरीव ठेवली आहे. पोलादी तार थरथरते. तिच्याखाली लोहचुंबकाजवळ केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार हलली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते आणि ती वायरमधून अँपकडे जाते. लाकडाचा वाटा शून्य आहे असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशीही भांडेन. तार किती वेळ वाजत राहील, मानेच्या कुठल्या जागी सूर लवकर विझेल, यात फळीचा हात असतो. पण पिकअप दोन मिलिमीटर वर घेतला, स्पीकर बदलला किंवा नुसती लांब वायर लावली तरी आवाजात त्याहून मोठा फरक पडतो, आणि हे प्रयोग कुणीही संध्याकाळी घरी बसून करू शकतो.

शिवाय ‘१९५९चा आवाज’ म्हणजे कुठला आवाज? त्या पिकअपच्या तळाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची छोटी काळी पट्टी चिकटवलेली असे, म्हणून आजही त्यांना ‘पॅफ’ म्हणतात. त्या काळी वेढे देणारं यंत्र ठरल्या आकड्यावर आपोआप थांबत नसे. कामगाराला पुरेसं वाटलं की तो थांबवी. लोहचुंबकही हाताशी असेल त्या प्रतीचं बसे. त्यामुळे एकाच आठवड्यात निघालेल्या दोन पिकअपांचे आवाज वेगळे. एखादा अप्रतिम, एखादा मेंगळट. ज्यांनी बऱ्याच बर्स्ट वाजवल्या आहेत ते खासगीत हेच सांगतात की काही सुंदर आहेत, काही अगदीच यथातथा. पण यथातथा बर्स्टसुद्धा नव्या गिटारीच्या दरात मिळत नाही.

याच पिकअपमधली एक गंमत सगळा व्यापार उघडा पाडते. आतली वेटोळी प्लॅस्टिकच्या रिळांवर गुंडाळलेली असतात. रिळं एरवी काळी, पण मधे पुरवठादाराकडचा काळा रंग संपला आणि काही पांढरट रिळं आली. वर धातूचं झाकण असल्यामुळे ती दिसणारच नव्हती, म्हणून कारखान्याने ती तशीच वापरली. आज दोन्ही पांढरी रिळं असलेल्या पॅफची जोडी काळ्या जोडीपेक्षा बरीच महाग विकली जाते. प्लॅस्टिकच्या रंगाने आवाज बदलतो असं म्हणायची हिंमत अजून कुठल्या दलालाला झालेली नाही. तरी पैसे जास्तच.

डोळे झाकून ऐकवलं तर काय होतं, याचा जबाब व्हायोलिनवाल्यांकडून घ्यावा. तिथे किमती गिटारीच्या कितीतरी पट आणि ‘जुन्याची सर नव्याला नाही’ ही श्रद्धा कितीतरी पिढ्यांची. २०१० मध्ये इंडियानापोलिसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिनकार जोसेफ कर्टिन यांनी हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत २१ वादकांना सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, दोन स्त्रादिवारी, एक ग्वार्नेरी. वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे. जुन्या लाकडाच्या वासाने ओळख पटू नये म्हणून हनुवटीखाली अत्तराचा थेंब. बहुतेकांना जुनं कुठलं ते ओळखता आलं नाही, सर्वांत आवडलेलं वाद्य नवं निघालं आणि सर्वांत नावडतं एक स्त्रादिवारी. हॉटेलच्या खोलीत काय कळणार, अशी ओरड झाली. म्हणून त्याच चमूने पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांवर, तालमीच्या खोलीत आणि सभागृहात, प्रयोग पुन्हा केला. दहापैकी सहांनी नवं वाद्य निवडलं. जिथे लाकडाची पेटी हाच आवाज आहे तिथे ही गत, तर भरीव फळीचं काय?

इथवरचा वाद जुना आहे आणि हुशार संग्राहक तो सोडूनही देतात. त्यांचा खरा किल्ला ‘अस्सलपणा’ आहे. म्हणून तिकडे जरा थांबायला हवं.

अस्सल गिटार कशी ठरते? तपासनीस ती वाजवत नाही. तो आधी अल्ट्राव्हायोलेट दिवा लावतो. जुनं नायट्रोसेल्युलोज रोगण त्या उजेडात हिरवट पिवळं चमकतं, नंतर मारलेला रंग गडद डागासारखा उठून दिसतो. मग मागची प्लॅस्टिकची झाकणी चार स्क्रू काढून उघडतो. आत व्हॉल्यूम-टोनचे पॉट असतात, त्यांच्या पाठीवर बारीक आकडे ठोकलेले. १३४ ने सुरुवात असेल तर पॉट सेंट्रलॅब कंपनीचा, पुढे ५८३२ असेल तर १९५८ सालचा बत्तिसावा आठवडा. आकडा जुळला की भिंग सोल्डरवर जातं. टाका कारखान्यातलाच आहे का? त्यावरची राखाडी साय फुटलेली तर नाही? कुणी कधी काविया टेकवला असेल, अगदी तुटलेली वायर परत जोडायला, तर भाव खाली. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बदलले असतील तर खाली. सूर नीट लागावेत म्हणून खुंट्या बदलल्या आणि डोक्याला दोन जास्तीची भोकं पडली असतील तर आणखी खाली. पुन्हा रंग दिला असेल तर किंमत निम्म्यावर येते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. आतल्या स्प्रॅग कंपनीच्या पट्टेदार कपॅसिटरांना ‘बंबलबी’ म्हणतात. कागद आणि तेलाचे हे कपॅसिटर वयानुसार गळतात, त्यांचं माप सरकतं, आणि तसे सरकलेले, मूळ कपॅसिटर सुटे काढून शेकडो डॉलरना विकले जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्याच मापाचा नवा, धड कपॅसिटर चिल्लर पैशांत मिळतो.

या परीक्षेत पैकीच्या पैकी कोण मिळवतं? जी गिटार वाजवलीच गेली नाही ती. मालकाने घेतली, चार स्वर शिकला, कंटाळला, पलंगाखाली सरकवली. तिचं रोगण उन्हाने उतरलं नाही, फ्रेट झिजले नाहीत, सोल्डर अभंग राहिला. तिला सर्वोच्च भाव. आणि ज्या रेकॉर्डींमुळे या गिटारी जगाला ठाऊक झाल्या त्या ज्यांच्यावर वाजल्या, त्या याच परीक्षेत नापास होतात. एकामागून एक.

पीटर ग्रीनची १९५९ची लेस पॉल घ्या. तिच्या एका पिकअपचं लोहचुंबक उलटं बसलं आहे, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येतो. तांत्रिक भाषेत हा दोष. ग्रीनने त्या दोषाचं सोनं केलं, नंतर ती गॅरी मूरकडे गेली, २०१४ पासून ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. आज गिब्सन तोच उलटा जोड मुद्दाम घालून तिची प्रतिकृती विकते. क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’? १९७० मध्ये त्याने नॅशव्हिलच्या एका दुकानातून पन्नाशीच्या दशकातल्या सहा स्ट्रॅटोकास्टर शंभर-दोनशे डॉलरना एक अशा उचलल्या, तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींमधले चांगले भाग काढून एक बनवली. एकीची मान, दुसरीचं अंग. ‘भाग जुळत नाहीत’ असा शेरा मारून जी कुठल्याही दुकानाने मागच्या भिंतीवर टांगली असती ती २००४ च्या लिलावात ९,५९,५०० डॉलरना गेली.

डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅट तर कमालच आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज दुकानातून घेतलेली, १९६९ चं अंग. काळ्या रंगाखाली आधीचा दुसरा रंग. मान एकदा नव्हे, अनेकदा बदललेली. पिकअप बदललेले, दर्शनी प्लॅस्टिक बदललेलं. मधे त्याने दुसऱ्या पद्धतीची वायर लावून पाहण्यासाठी कडेला भोक पाडलं, ते बुजवलं. ऐंशीच्या दशकात दुसऱ्या कंपनीचा ट्रेमोलो बसवायला लाकूड कोरलं, मग मन बदललं आणि तो खड्डाही भरून काढला. पिंक फ्लॉइडचे गाजलेले तुकडे या गिटारीवर आहेत. २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले, तेव्हा तो गिटारींमधला विक्रम होता. (सगळी रक्कम गिलमोरने पर्यावरणाच्या कामाला दिली, हेही सांगायला हवं.) गिलमोरचं नाव काढून हीच गिटार तपासनिसाच्या दिव्याखाली ठेवा आणि काय भाव येतो बघा.

गन्स अँड रोझेसच्या १९८७ च्या पहिल्या अल्बमने लेस पॉलला नवी पिढी मिळवून दिली असं म्हणतात. त्यात स्लॅशच्या हातात होती ती गिब्सनची गिटारच नव्हती. क्रिस डेरिग नावाच्या कारागिराने हाताने बनवलेली ती बर्स्टची नक्कल होती. त्या नकलेमुळे अस्सल बर्स्टचे भाव चढले आणि पुढे गिब्सनने स्लॅशच्या त्या गिटारीची प्रतिकृती काढली. नकलेची अस्सल नक्कल! एडी व्हॅन हेलनने तर कारखान्याने बाजूला काढलेलं सदोष अंग आणि सुटी मान आणून आपली गिटार जोडली आणि तीत गिब्सनच्या दुसऱ्या गिटारीतून उपटलेला पॅफ ठोकला. त्या जोडकामातून सत्तरच्या दशकाअखेर इलेक्ट्रिक गिटारचं वादनच बदललं.

ही पाच उदाहरणं मी सोयीची म्हणून निवडली असा आरोप होईल. मग लिओ फेंडरचंच घ्या. तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवता येत नसे. त्याने मान अंगाला डिंकाने चिकटवण्याऐवजी स्क्रूने जोडली, ती याचसाठी की झिजली किंवा मोडली तर दहा मिनिटांत दुसरी बसवता यावी. भाग बदलता येणं हा त्या गिटारीचा मूळ विचार आहे. सत्तर वर्षांत एकही स्क्रू न हललेली स्ट्रॅटोकास्टर सर्वांत अस्सल मानणं म्हणजे फेंडरने जे केलं त्याच्या नेमकं उलट जाणं.

फेंडरवरून आणखी एक. जानेवारी १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्याआधीची ती खरी फेंडर, नंतरचा कचरा, असं ही व्यापारी मंडळी कित्येक वर्षं शिकवत आली. जिमी हेंड्रिक्सने ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या मंचावर वाजवलेली पांढरी स्ट्रॅटोकास्टर १९६८ ची, म्हणजे त्याच ‘कचऱ्यातली’. त्याने बहुतेक आयुष्य नव्या, दुकानातून आणलेल्या गिटारी वाजवल्या. सत्तरच्या दशकातल्या फेंडर जड, त्यांवर पॉलिएस्टरचा जाड थर, मान तीन स्क्रूंवर डुगडुगणारी, अशी निंदा मी स्वतः विक्रेत्यांच्या तोंडून ऐकली आहे. मग पन्नास-साठच्या दशकांतल्या गिटारी सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर गेल्या आणि आता त्याच सत्तरीतल्या फेंडर ‘व्हिंटेज’ म्हणून चढ्या भावात विकल्या जातात. लाकूड हलकं झालं नाही, स्क्रू तीनाचे चार झाले नाहीत. गुणवत्तेवर भाव ठरत असता तर निंदेचा हा माल वर कसा गेला, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

लाकडाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या घरची आहे. जुन्या गिटारींच्या बोटपट्टीला ब्राझीलचं रोजवूड असे. साठच्या दशकाच्या शेवटी ते मिळेनासं झालं तसे अमेरिकन कारखाने भारतीय रोजवूडकडे, म्हणजे आपल्या सह्याद्रीत होणाऱ्या शिसवाकडे वळले. तेव्हापासून जाहिरातीत ब्राझीलचं लाकूड म्हणजे देव आणि शिसव म्हणजे तडजोड. स्ट्रॅटोकास्टरवर ही बोटपट्टी काही मिलिमीटर जाडीची. १९६२ च्या मध्यापर्यंत ती सपाट, जाडसर होती, मग पातळ वक्र पट्टी आली, आणि तेवढ्या फरकावर आज किमतीची वेगळी पायरी आहे. तारेच्या आणि शिसवाच्या मधे धातूचा फ्रेट असतो, बोटाखाली तार टेकते ती त्याच्यावर. पण ‘शिसव’ म्हटलं की भाव उतरतो. १९९२ पासून ब्राझिली रोजवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद आहे. जंगल वाचावं म्हणून केलेला हा नियम योग्यच, पण व्यापाऱ्यांनी त्याचाही भाव केला. तशी पट्टी असलेली गिटार विकायला दुसऱ्या देशात पाठवायची तर आधी कागदपत्रं गोळा करावी लागतात, आणि आता कागदपत्रांचीसुद्धा किंमत लागते.

दुर्मिळतेचं उत्तर थोडक्यात देता येतं. १९५८-५९ मध्ये गिब्सनने फ्लाइंग व्ही शंभराच्या आत बनवल्या, एक्सप्लोरर त्याहून कितीतरी कमी, आणि त्या खरोखर दुर्मिळ आहेत. पण त्याच काळात किती तरी छोट्या कंपन्यांनी त्याहून कमी गिटारी काढल्या आणि आज त्यांना कुणी विचारत नाही. कमी असणं पुरेसं नसतं, मागणी लागते. आणि मागणी कुठून आली ते वर सांगितलं.

गुंतवणुकीचा दावा मात्र आकड्यांनी पाहण्यासारखा आहे, कारण तोच सर्वांत छातीठोकपणे केला जातो. १९५९ मध्ये २६५ डॉलरला घेतलेली बर्स्ट ६५ वर्षांनी तीन लाखांना विकली असं धरू. चक्रवाढीने वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या आत. डॉलर आणि रुपया एक नव्हेत हे ठाऊक आहे, पण आपल्याकडे १९८६ पासून २००० च्या सुरुवातीपर्यंत पीपीएफवर बारा टक्के मिळत होते, त्याला विमा लागत नव्हता, दमट हवेची भीती नव्हती. आणि ही इतिहासातली सर्वांत नशीबवान गिटार. त्याच साली त्याच कारखान्यातून शिकाऊ मुलांसाठी मेलडी मेकर नावाची साधी गिटार शंभरेक डॉलरला निघाली. तिला आज काही हजार डॉलर येतात. महागाई वजा केली तर हातात फारसं उरत नाही. नवी लेस पॉल स्टँडर्ड आज पावणेतीन-तीन हजार डॉलरला मिळते. १९५९ च्या २६५ डॉलरची आजची किंमत काढली तर तीही जवळजवळ तेवढीच भरते. गिटार बनवायला जे लागतं त्याची किंमत साठ-पासष्ट वर्षांत तशी हललेलीच नाही.

व्यापाराचे आलेख मेलडी मेकरवर काढत नाहीत. जुन्या गिटारींचा जो निर्देशांक मिरवला जातो त्यात फेंडर, गिब्सन आणि मार्टिन यांची प्रत्येकी चौदा लोकप्रिय मॉडेलं आहेत. स्पर्धा संपल्यावर जिंकलेले घोडे निवडायचे आणि घोड्यांवर पैसे लावणं फायद्याचं आहे म्हणायचं! २००८ च्या मंदीत याच बाजारात भाव घसरले, आणि त्याआधीच्या तेजीत घेणाऱ्यांना पुढची कित्येक वर्षं मुद्दल दिसलं नाही. १९६६ मध्ये पंधरा वर्षांचा होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याची मुलं कुठल्या आठवणीसाठी तीन लाख डॉलर मोजतील, याचं उत्तर शोधायला निर्देशांक लागत नाही.

या सगळ्याची झळ वादकाला कशी बसते? एक तर सर्रास तोडफोड. बर्स्टची बोली इतकी वर गेली की त्याच काळातल्या कमी भावाच्या गिब्सन उघडून त्यांतले पॅफ, पूल, कपॅसिटर, अगदी आत गुलाबी अस्तर असलेली तपकिरी पेटीसुद्धा, सुटी विकणं परवडू लागलं. एक धड वाजणारी गिटार मेली की चार भाग मोठ्या गिटारीचा अस्सलपणा वाढवायला मोकळे. दुसरी झळ बनावटीची. ज्या वस्तूची किंमत सोल्डरच्या सायीवर ठरते तिथे साय बनवणारे निघणारच, आणि निघाले. तिसरी झळ मला सर्वांत खटकते. फ्रेट हा गिटारीचा झिजायचा भाग आहे, चपलेच्या तळव्यासारखा, वाजवणाऱ्याला तो काही वर्षांनी बदलावाच लागतो. पण जुन्या गिटारीचा मालक झिजलेल्या फ्रेटवर बेसूर वाजवत राहतो किंवा वाजवणंच सोडतो, कारण बदलले तर हजारो डॉलर कमी होतील. कित्येक नामवंत वादक दौऱ्यावर प्रतिकृती नेतात आणि मूळ गिटार कुलपात ठेवतात.

वारसा जपण्याचं श्रेय मी व्यापाऱ्यांना आणि संग्राहकांना थोडं देईन. सत्तरच्या दशकात लोकांनी कितीतरी जुन्या गिटारींना छिन्नी लावली, चकचकीत रंग फासले. भाव वाढल्यामुळे ते थांबलं हे खरं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने २०१९ मध्ये रॉकच्या वाद्यांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा लोक त्या काचेसमोर बराच वेळ उभे राहत, आणि तिथली बरीच वाद्यं झिजलेली, खरवडलेली, दुरुस्त केलेली होती. म्युझियमला ती तशीच हवी होती. विक्रेत्यांनाही ती तशी हवी असतील तर त्यांनी पुढच्या यादीपासून एक करावं. ‘फ्रेट बदललेले’ ही नोंद दोषांच्या रकान्यातून काढावी आणि देखभालीच्या रकान्यात, कुणी, कधी, कसे बदलले यासकट लिहावी. किंमत तीच ठेवून.